क्वार्टरमधला समुद्र

आमच्या घरात सात पिढ्यांत कुणी मासा शिजवला नाही आणि पोटची पोर माशांवर पोट भरते, असं मी म्हटलं की हे चिडतात. भरते नाही, अभ्यास करते, अशी दुरुस्ती करतात. ह्यांची सगळी नोकरी कारखान्याच्या टेस्टिंगमध्ये दुसऱ्यांच्या चुका काढण्यात गेली, त्याला मी तरी काय करणार.

अनुराधा आमची एकुलती एक. कारखान्याच्या टाउनशिपच्या दवाखान्यात जन्मली, टाउनशिपच्या शाळेत शिकली, आणि भोपाळच्या तळ्यांहून मोठं पाणी असतं हे तिला बरीच वर्षं खरंच वाटत नव्हतं. लहान असताना ह्यांनी तिला स्कूटरवर पुढे उभी करून शहरातलं मछलीघर दाखवायला नेलं. तिथल्या काचेला नाक लावून ती जी उभी राहिली, ती अजून तशीच उभी आहे. फक्त ती काच आता ऑस्ट्रेलियाच्या पार खालच्या टोकाला, होबार्ट नावाच्या गावात आहे. तिकडचा समुद्र भराभर तापतोय म्हणे, आणि तापत्या पाण्यात मासे कसे तग धरतात हे ती बघते. सहा वर्षं झाली तिला तिथे.

दर रविवारी तिचा फोन येतो. फोनची आमच्याकडे एक रीत आहे आणि ती माझ्या आईपासूनची आहे. मी लग्न होऊन अकोल्याहून इथे आले तेव्हा ट्रंक कॉल लावावा लागे आणि तीन मिनिटं मिळत. त्यातलं एक रडण्यात गेलं की उरलेल्यात बोलणार काय? म्हणून आईने निघतानाच बजावलं होतं, फोनवर ‘मजेत आहे’ म्हणायचं, रडायचं ते समोरासमोर. मी ते पाळलं. पुढे पिपलानीच्या बाजारात एसटीडीचं बूथ आलं. मागे रांग, समोर लाल आकडे पळतायत, तिथेही मी ‘मजेत’च म्हणत राहिले. अनू परदेशी निघाली तेव्हा मीही तिला तेच सांगितलं. आता व्हिडिओवर फुकटात तासभर बोलता येतं, पण ‘कशी आहेस’ला उत्तर तेच. ती म्हणते मजेत, आम्ही म्हणतो मजेत, मग भाजी कुठली केली ते बोलतो.

यंदा जानेवारीत ती म्हणाली की तिला तिथे कायमची नोकरी देतायत. हो की नाही ते जूनअखेरपर्यंत कळवायचं होतं, आणि त्याआधी मे महिन्यात ती रजा घेऊन घरी येणार होती. मी म्हटलं, वा, छान. फोन ठेवला आणि ओट्यापाशी जाऊन उगाच उभी राहिले. कायमची नोकरी म्हणजे कायमची गेली, एवढं मला कळत होतं. मला ती परत हवी होती. त्यात काही मोठं तत्त्व नव्हतं. तिने सकाळी उशिरा उठावं, मी ओरडावं, तिने चहाचा कप घेऊन मागच्या अंगणात पेरूखाली बसावं, इतकंच हवं होतं.

मी माझ्या परीने हालचाल सुरू केली. शेजारचे सदाशिवभाऊजी मूळचे ग्वाल्हेरचे, कारखान्यात तांब्याच्या तारा गुंडाळायच्या वाइंडिंग शॉपमध्ये, आणि गावभर त्यांच्या ओळखी. शहरातल्या एका खासगी कॉलेजात प्राणिशास्त्राची जागा निघणार आहे हे त्यांच्याकडून कळलं. ती बातमी मी पदराला गाठ मारून ठेवली. ह्यांनी मात्र भलतंच काढलं. चार-पाच दिवसांनी एकदा जेवताना म्हणाले, "ती इथे का येत नाही? कारण इथे समुद्र नाही. एवढीच अडचण असेल तर ती सोडवता येते."

मला वाटलं, थट्टा करतायत. पण ह्यांना थट्टा येत नाही हे मी विसरले होते. दुसऱ्या दिवशी हे अनूच्या खोलीत मोजपट्टी घेऊन फिरत होते. मुलगी येऊन बघेल, तिला वाटेल की इथेही समुद्राचे मासे ठेवता येतात, इथेही काम करता येतं, मग ती आपणहूनच राहील, असा ह्यांचा हिशेब. ‘राहा’ हा शब्द तोंडाने उच्चारण्यापेक्षा आख्खा समुद्र बांधणं ह्यांना सोपं वाटलं.

आता ह्यांचं काम काय ते सांगायला हवं. कारखान्यात मोठे ट्रान्सफॉर्मर बनतात आणि बाहेर जाण्याआधी त्यांची ‘हीट रन’ होते. म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर पूर्ण भार टाकायचा आणि तो तापू द्यायचा. तापता तापता एका ठिकाणी तो थांबतो, त्यापुढे चढत नाही. तिथे तो टिकला तर पास. ह्यांना सगळं जग असंच दिसतं. आमचं लग्न झालं त्या उन्हाळ्यात मी माहेरच्या आठवणीने रोज डोळे पुसत असे, तेव्हा हे घाबरले नाहीत. पुढे एकदा मोकळेपणाने म्हणाले होते, की चढतंय तोवर काळजी करायची नसते, थांबेल कुठेतरी. मी थांबले तेव्हा ह्यांच्या लेखी मी पास झाले.

जवाहर चौकात माशांच्या टाक्यांचं एक दुकान आहे. तिथल्या माणसाने ह्यांना खूप समजावलं. "भाईसाहब, मीठे पानी की ले लो. समंदर वाली बड़ी नखरेवाली होती हैं, भोपाल की गर्मी में नहीं टिकेंगी." हे ऐकतात थोडेच. मुंबईहून खास मीठ मागवलं. ते गोड्या पाण्यात कालवलं की समुद्राचं पाणी तयार होतं. मीठच ते, म्हणून मी विचारलं की आपलं खाण्याचं साधं का नको, तर मला बरंच ज्ञान मिळालं. काचेची टाकी आली आणि पलंग हॉलमध्ये गेला. अनू आल्यावर झोपणार कुठे हे मी विचारलं, तेव्हा हे टाकी सपाट बसली का ते तपासत होते.

खरी अडचण उन्हाळ्याची होती. मे महिन्यात आमच्या क्वार्टरच्या स्लॅबखाली बसलं की पापड आपोआप वाळतात, आणि मासे मागतात थंड पाणी. त्यावर हे आणि सदाशिवभाऊजी यांनी मिळून उपाय काढला. जुन्या वॉटर कूलरचं मशिन मिळवलं, आणि त्यातलं गार पाणी टाकीतून फिरवायला नळीचं एक वेटोळं बनवलं. नळी तांब्याची. भाऊजींनी सगळी कला पणाला लावली होती. एकसारखे वेढे, कुठे चिमटा नाही की वळ नाही, चिंच लावून लखलखीत घासलेली. मला म्हणाले, "वहिनी, चिंताच करू नका. अशी कॉइल बनवली आहे की तुमची नातवंडंसुद्धा बघतील." नातवंडं म्हटल्यावर मीही विरघळले.

तांब्याबद्दल कुणाच्या मनात शंका येण्याचं कारणच नव्हतं. ह्या दोघांची जिंदगी तांब्यात गेली. त्यांच्या दृष्टीने तांब्यापेक्षा भरवशाची चीज देवाने केलेली नाही. माझं म्हणाल तर पळी-पंचपात्र तांब्याचं, कलश तांब्याचा, रात्री पाणी भरून ठेवते तो तांब्याही तांब्याचाच. कारखान्यात विश्वकर्मा पूजेला मशिनला करतात तसं आम्ही टाकीला हळदकुंकू लावलं, भाऊजींनी नारळ फोडला. मग मुंबईहून थर्माकोलच्या पेटीतून चार मासे आले. नारिंगी, अंगावर पांढरे पट्टे. त्यांच्यात मोठी ती बायको असते असं दुकानदाराने सांगितलं, ते ऐकून मला बरं वाटलं.

पहिले काही दिवस फार छान गेले. हे कारखान्यातून आले की बूटही न काढता आधी टाकीतला थर्मामीटर बघत. बाहेर त्रेचाळीस, आत सत्तावीस. मग मासे मलूल झाले. खाईनात, तळाशी बसून धापा टाकल्यासारखे तोंड उघडझाप करू लागले. ह्यांना वाटलं पाणी गरम होतंय. मशिन आणखी वाढवलं. एक गेला. दुसरा गेला. हे रोज पाणी आणखी गार करायचे, त्या नळीवर हात फिरवून बघायचे की कुठे काही बिघडलं तर नाही ना. नळी उत्तम होती.

अनू आली तेव्हा दोनच उरले होते. ती विमानतळावरून घरी आली, मी तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, आणि हे तिला हाताला धरून थेट त्या खोलीत घेऊन गेले. मी मागे होते. ह्यांना बोलायचं खूप होतं, पण एवढंच म्हणाले, "बघ."

ती बघत राहिली. खोलीभर, टाकीकडे, मग ह्यांच्याकडे. तिचे डोळे भरून आले होते. मग ती वाकली आणि तिचा चेहरा बदलला.

"बाबा, ही नळी कशाची आहे?"

"तांबं," हे म्हणाले. "अस्सल."

ती बाही वर करायलाही थांबली नाही. दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्यात घालून ते वेटोळं उचकटलं आणि बाहेर काढलं. जमिनीवर पाण्याचं थारोळं झालं. मग हळू आवाजात तिने सांगितलं, की खाऱ्या पाण्यात तांबं विरघळतं आणि माशांच्या कल्ल्यांना लागतं. श्वास घेता येत नाही.  त्या दिवशी तिने आणि मी बादल्यांनी पाणी बदललं, पुन्हा मीठ कालवलं, तांबं शोषून घ्यायला कोळशाच्या पिशव्या आणून टाकल्या. हे मागच्या पायरीवर ती नळी मांडीवर घेऊन बसले होते. मी चहा नेऊन दिला. म्हणाले, माझ्याकडचं सगळ्यात चांगलं होतं ते घातलं गं. मला ह्यांचा राग येत होता, तरी मी तिथेच पायरीवर बसले.

ते दोन मासे वाचले. मशिन गेलं, त्याऐवजी अनूने टाकीच्या तोंडावर टेबलफॅन लावला. भोपाळची हवा कोरडी, पाणी उडतं तसं गार होतं, आपल्या माठासारखं. पण फॅनने सत्तावीस काही होईना, तीसच्या आसपास राहायचं. अनू म्हणाली, राहू दे, पण एकदम नको. मग ती पाण्यात बर्फाच्या बंद पिशव्या सोडी, रोज थोड्या कमी, आणि पाणी हळूहळू चढू देई. एकदम तापलं तर मरतील, हळूहळू तापलं तर शरीर आतून बदलून घेतं, असं तिने सांगितलं. हे ऐकून ह्यांच्या जिवात जीव आला. ही म्हणजे हीट रनच झाली.

शरीराचं बदलणं घरात दुसरीकडेही चाललं होतं. जी पोर ह्याच गावात एप्रिलच्या दुपारी अनवाणी लगोरी खेळायची, तिच्या मानेवर आणि पाठीवर घामोळं उठलं. रात्री कूलरसमोर बसून म्हणायची, आई, श्वास घ्यायला जड जातं. आठवड्यानंतर मी पदराची गाठ सोडली आणि कॉलेजचं सांगितलं. ती नाही म्हणाली नाही. हे तिला स्कूटरवरून घेऊन गेले. भर दुपारी परत आली ती लालबुंद, आणि दारातच ओकली. लू लागली होती. मी कैरीचं पन्हं दिलं, तळपायांना कांद्याचा रस चोळला, डोक्यावर ओला पंचा ठेवला. पडल्या पडल्या ती हसत होती. म्हणाली, मी इथलीच असून मला ऊन बाधलं. मी म्हटलं होईल सवय, पंधरा दिवस जाऊ देत. कॉलेज कसं होतं म्हणून विचारलं, तर म्हणाली, "चांगलं आहे."

ते तिने ज्या सुरात म्हटलं तो सूर माझ्या ओळखीचा होता, पण कुठला ते तेव्हा लक्षात आलं नाही. ह्यांनी मला नंतर स्वयंपाकघरात सांगितलं की तिथे प्रयोगशाळेत बरणीत घातलेले पांढरे पडलेले जुने जीव आहेत, धूळ आहे, आणि प्राचार्य बाई म्हणाल्या की नोट्स द्यायच्या, पोरं पाठ करतात. मी म्हटलं, सुधारेल ती सगळं, हुशार आहे.

जेवताना ती माशांचं बोलायची. मी मुद्दामच काढायची तो विषय, म्हणजे ती ताटावर जास्त वेळ बसे. ती म्हणाली, समुद्र तापला की काही मासे गार पाण्याकडे निघून जातात, आणखी दक्षिणेला, किंवा खोल. पण ज्यांचं घर प्रवाळात आहे त्यांना घर सोडून जाता येत नाही. ते तिथेच राहून सवय करून घेतात. आणि एक गंमत असते, म्हणाली. आईबापांनी गरम पाण्यात दिवस काढलेले असले तर काही जातींत पिल्लं ते पाणी जास्त सहज सोसतात. पण जातच बदलायची तर पिढ्यानपिढ्या लागतात आणि पाणी काही तेवढं थांबत नाही.

मी विचारलं, मागे राहतात त्यांच्याकडे कुणी बघतं का? ती म्हणाली, त्यांचाच तर अभ्यास करते मी. मनात म्हटलं, बाई, तिथपर्यंत जाण्याची गरज काय, आम्ही दोन इथेच आहोत की. पण ताटात वाढत राहिले.

महिना होत आला. मासे आता एकतीसमध्ये होते आणि बघावं तेव्हा तरतरीत. दाणे टाकले की वर झेपावत. अनूचंही घामोळं गेलं होतं. एका संध्याकाळी हे सदाशिवभाऊजींकडे गेलेले, आणि आम्ही दोघी टाकीसमोर फरशीवर बसलो होतो. मी तिच्या केसांना तेल लावत होते. मी म्हटलं, "बघ, झाली ना सवय. आता मजेत आहेत."

"दिसतात मजेत," अनू म्हणाली.

मग तिने सांगितलं की प्रयोगशाळेत ते माशाला पाण्याच्या एका बंद नळकांड्यात ठेवतात. नुसतं ठेवतात. त्याने काही करायचं नाही, पोहायचं नाही, खायचं नाही. आणि मोजतात की नुसतं असण्याला त्याला किती प्राणवायू लागतो. पाणी दोन-तीन अंशांनी तापलं की मासा दिसतो तस्साच, पण नुसतं असण्याला जास्त लागतं. जगण्यातच इतकं जातं की वाढायला, अंडी घालायला, पळायला कमी उरतं. बाहेरून बघणाऱ्याला काही कळत नाही.

"सवय झाल्यावरही?" मी विचारलं.

"सवयीने थोडं कमी होतं. पण फुकट होत नाही, आई."

माझा हात तिच्या केसांतच थांबला. तेव्हा मला तो सूर आठवला. ‘चांगलं आहे.’ दर रविवारचा सूर. सहा वर्षं ती ज्या सुरात मजेत म्हणत होती आणि मीही म्हणत होते तोच.

"तुला किती लागतं?" मी विचारलं. "तिथे नुसतं असण्याला?"

तिने गुडघे पोटाशी घेतले. मग टाकीकडे बघतच म्हणाली की रविवारी आमचा फोन झाला की ती प्रयोगशाळेत जाते. सुट्टी असते, कुणी नसतं. तिथे गरम पाण्याच्या टाक्यांची एक खोली आहे, गरम समुद्रातल्या माशांची. त्या खोलीत दमट ऊब असते, पंप घुमत असतात. "आपल्या घरी पावसाळ्यात कूलर चालू ठेवल्यावर होतं ना, तसं वाटतं तिथे. मी चहा घेऊन तिथे बसते. बाहेरच्यांना वाटतं, मी रविवारीसुद्धा काम करते."

मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. एवढी मोठी बाई, पण घेतलं. रडायचं ते समोरासमोर, ही आईची रीत आम्ही त्या संध्याकाळी पुरेपूर पाळली.

थोड्या वेळाने ती उठून बसली, नाक पुसलं, आणि म्हणाली, "तू म्हण, आई. तू राहा म्हणालीस तर मी राहते. खरंच राहते."

शब्द माझ्या तोंडात होता. जानेवारीपासून होता. देवाला एवढ्यासाठीच तर रोज दिवा लावत होते. ती राहिली असती. कॉलेजात गेली असती, नोट्स दिल्या असत्या, उन्हाची सवय झाली असती. दोन वर्षांनी ती पेरूखाली चहा पिताना मी शेजारणीला म्हटलं असतं, बघा, आता कशी मजेत आहे. आणि ह्या घरात नुसतं असण्याला तिला किती लागतंय हे मोजायला माझ्याकडे कुठलं नळकांडं होतं? तिकडेही तिला लागणारच होतं. पण तिकडे उरलेल्यात तिला जे करायचं होतं ते होत होतं. ह्यांनी चांगलं म्हणून तांबं घातलं होतं. माझं ‘राहा’ही तसंच लखलखीत घासलेलं होतं.

"मला तू हवी आहेस," मी म्हणाले. "रोज हवी आहेस. सकाळी डोळे उघडल्यापासून. पण राहा म्हणणार नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग पुन्हा माझ्या पुढ्यात पाठ करून बसली आणि मी वेणी घातली. लहानपणी घालायचे तशी, घट्ट. हे परत आले तेव्हा वेणी बघून हसले, पण आमचे डोळे बघून त्यांना समजलं.  चपला काढून टाकीजवळ गेले आणि थर्मामीटर बघितला.

ती जूनच्या मध्यात गेली, निघताना माझ्याकडून पुन्हा तशीच घट्ट वेणी घालून घेऊन. विमानतळावर ह्यांनी तिची बॅग शेवटपर्यंत सोडली नाही, शिपायाने सांगितलं तेव्हा सोडली. पत्ते, औषधं, पासपोर्ट सगळं पुन्हा पुन्हा विचारलं. ‘राहा’ त्यांनीही म्हटलं नाही. मला वाटतं त्यांना म्हणायचं होतं, पण त्या कॉलेजातल्या बरण्या त्यांनीही पाहिल्या होत्या.

घरी आलो तर खोलीत फॅन चालू होता. ह्यांनी पलंग परत आत नेला नाही. टाकी काढा असं मीही म्हटलं नाही. ते दोघं मासे एका कुंडीच्या तुकड्यामागे घर करून होते. मी दाणे टाकले, ते वर आले. त्या खोलीतली हवा दमट झाली होती, पाण्याचा खारट वास सुटला होता. मी चहा घेऊन तिथेच खाली बसले. कप संपेपर्यंत माझ्या लक्षातच आलं नाही की तीही असंच करते.

रविवारी फोन आला. तिने सही करून दिल्याचं सांगितलं. मी अभिनंदन म्हटलं आणि ते मनापासून होतं. तिकडे थंडी पडली होती, तिने कानटोपी घातली होती. मग नेहमीप्रमाणे तिने विचारलं, "तू कशी आहेस?"

जिभेवर ते उत्तर आपसूक आलं. इतक्या वर्षांचं वळण. मी ते गिळलं.

"करमत नाही गं," मी म्हणाले. "तू गेल्यापासून काही म्हणता काही करमत नाही."

 मला वाटलं, चुकलंच माझं, एवढ्या लांबून पोरीला कशाला घोर लावला. मग तिने कानटोपी ओढून काढली. वेणी अजून तीच होती, विस्कटलेली, पण सोडलेली नव्हती.

"मलाही नाही करमत, आई," ती म्हणाली. "एकदाही नाही करमलं."

हे शेजारी बसून ऐकत होते. अनूने विचारलं, बाबा कसे आहेत? हे घसा खाकरून म्हणाले की मासे व्यवस्थित खातायत, पाणी एकतीसवर टिकलंय. मी म्हटलं, माशांचं राहू द्या, तिने तुमचं विचारलंय. ह्यांनी टाकीच्या खोलीकडे बघितलं. मग म्हणाले, क्वार्टर फार मोठं वाटतं. आणि उठून जाता जाता पुन्हा बसले.

त्या रविवारी भाजी कुठली केली हे कुणीच कुणाला विचारलं नाही.